कातड्याचा भाव आणि हाताचे मोल

गेल्या महिन्यातील एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एक साधी देवघेव आमच्या पाहण्यात आली. बेळगाव भागातून आलेला एक प्रौढ कारागीर स्वतःच्या हाताने केलेले कातड्याचे कमरपट्टे मांडून बसला होता. एका सुस्थितीतील सद्गृहस्थांनी त्यांतील एक जाड, तपकिरी पट्टा उचलला, वाकवून पाहिला, नाकाशी नेला आणि भाव विचारला. कारागिराने नऊशे सांगितले. सद्गृहस्थांनी तीनशेपासून प्रारंभ केला. पाऊण घटका घासाघीस झाली, दोनदा पाठ फिरवून झाली, आणि अखेर दिवस कलू लागल्यावर चारशे रुपयांत सौदा तुटला. गिऱ्हाईक विजयी मुद्रेने निघून गेले. एक पट्टा करायला किती वेळ लागतो, असे आम्ही त्या कारागिरास विचारले. तो म्हणाला, "अर्धा दिवस मोडतो, साहेब. पण अर्ध्या दिवसाचे पैसे कोण देतंय?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते. ते शोधण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे. देशापुढे मोठमोठे प्रश्न उभे असताना कमरेच्या पट्ट्यावर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. परंतु समाजाची न्यायबुद्धी केवळ विधानसभेत आणि न्यायालयातच तपासली जाते असे नव्हे. ती बाजारात, चारशे आणि नऊशे यांच्या मधल्या अंतरातही तपासली जाते. दुसऱ्याच्या कष्टाचे मोल आपण कसे ठरवतो, हे पाहावयाचे तर हाताने केलेल्या कातड्याच्या वस्तूइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

प्रथम वस्तू कशी होते ते पाहू. मेलेल्या वा मारलेल्या जनावराची कातडी म्हणजे चामडे नव्हे. ती कमावावी लागते. मीठ लावून टिकवलेली कातडी भिजवायची, चुन्याच्या पाण्यात ठेवून तिच्यावरील केस सैल करायचे, आतल्या बाजूचे मांस खरवडायचे, चुना धुऊन काढायचा आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या कषायात ती मुरवायची. कोल्हापूरकडची जुनी रीत तर अशी की, कातडीच पिशवीसारखी शिवून टांगायची आणि तिच्या पोटात सालीचे व हिरड्याचे पाणी भरायचे. ते पाणी हळूहळू पाझरत राही आणि कातडी आतून पिकत जाई. या वनस्पतिजन्य कमावणीस आठवडेच्या आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची युक्ती निघाली आणि हेच काम एक-दोन दिवसांवर आले. आज जगातील बहुतेक कातडे तसेच कमावले जाते. ते मऊ असते, पाण्याला अधिक टिकते. परंतु पट्ट्याला लागणारा ताठपणा, कड घोटल्यावर येणारी झळाळी आणि वापरता वापरता चढणारा तो गडद रंग, ही सालीने कमावलेल्या कातड्याची मिरास आहे.

स्वस्त कातड्याचीही एक किंमत असते, फक्त ती दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तमिळनाडूतील वेल्लोर परिसरातील कातडी कारखान्यांनी पालार नदीच्या खोऱ्यातील पाणी आणि शेतजमीन कशी नासवली, याची हकीकत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदली गेली आहे. प्रदूषण करणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने त्या निकालात उचलून धरले. सालीने कमावण्याच्या पद्धतीतही पाणी खराब होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. तथापि आपण दोनशे रुपयांत पट्टा घेतला म्हणजे तो दोनशेत झाला, असे मानणे भाबडेपणाचे आहे. उरलेले पैसे कोणीतरी, कोठेतरी, आपल्या विहिरीच्या पाण्याने फेडलेले असतात.

कमावलेले सबंध कातडेही पट्ट्याला उपयोगी पडत नाही. जनावराच्या पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट आणि सरळ तंतूंचा असतो. पोटाकडचा भाग सैल, तो ताणला की लांबतो आणि पुन्हा आखडत नाही. जाणता कारागीर पट्टा पाठीचाच काढतो, आणि पोटाकडचे कातडे लहानसहान वस्तूंकडे वळवतो. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचे, दीड इंच रुंदीचे आणि शेहेचाळीस इंच लांबीचे कातडे सलग व निर्दोष मिळवायचे, तर जनावराच्या अंगावरील जुन्या जखमा, गोचिडीचे डाग, बैलगाडीच्या जुवाचे वळ हे सारे चुकवावे लागते. म्हणजे कातडे विकत घेतानाच त्यातील काही भाग वाया जाणार, हे गृहीत धरावे लागते.

पुढे हाताचे काम. पट्टी सरळ कापायची, बक्कल बसवण्यासाठी एक टोक रापीने तासून पातळ करायचे, चारी कडांचा कोन मारायचा, भोके पाडायची, रंग द्यायचा, तो वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, आरीने टोचून शिवण घालायची, कडेला पाणी व मेण लावून लाकडाने घोटत राहायचे, ती काचेसारखी गुळगुळीत होईपर्यंत. शिवणीची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हाताची खरी शिवण एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घातली जाते. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात. तिचा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके तग धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत नुसते अडकवलेले असतात. एक तुटला की ओळ उसवत जाते. शेहेचाळीस इंचांच्या पट्ट्याला दोन्ही कडांनी इंचास सहा टाके या बेताने शिवायचे म्हटले तर साडेपाचशेहून अधिक टाके होतात. प्रत्येक टाका आरी टोचून, दोन सुया ओढून, दोन्ही हातांना सारखा ताण देऊन घालावयाचा असतो. मिनिटाला पाच टाके पडले तरी नुसत्या शिवणीला जवळजवळ दोन तास गेले.

आता हिशेब मांडू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. भाव गावोगाव बदलतात. परंतु वाचकांनी त्यांत आपल्या माहितीप्रमाणे फेरफार करून पाहावा, निष्कर्ष फारसा बदलणार नाही. पट्ट्याला लागणारे कातडे अर्धा चौरस फूट. वाया जाणारे धरून सत्तर शतांश चौरस फूट. चांगले जाड कातडे चौरस फुटाला अडीचशे रुपये धरले तर एकशे पंच्याहत्तर रुपये झाले. पितळेचे भरीव बक्कल दीडशे. दोरा, मेण, रंग, डिंक मिळून चाळीस. एकूण माल तीनशे पासष्ट रुपयांचा. काम पाच तासांचे. गोव्यात आज कसबी गवंड्याला दिवसाचे हजार रुपयांच्या आसपास द्यावे लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सव्वाशे. कातडे शिवणाऱ्याचा हात विटा रचणाऱ्याच्या हाताहून कमी कसबी नाही, एवढे मान्य केले तर पाच तासांचे सहाशे पंचवीस रुपये होतात. बेरीज नऊशे नव्वद. जागेचे भाडे, वीज, हत्यारांची झीज, पात्यांचा खर्च यांपोटी एकशे दहा रुपये; म्हणजे अकराशे. दहांत एखादा पट्टा बिघडतो किंवा पडून राहतो, त्याचे आणखी एकशे दहा. आणि अडीअडचणीसाठी, पुढच्या कातड्याच्या खरेदीसाठी शेकडा दहा शिल्लक. हिशेब तेराशे एकतीस रुपयांवर जाऊन थांबतो.

यात चैनीचा एक पैसाही धरलेला नाही. मधला दुकानदार नाही, जाहिरात नाही, सजवलेले दालन नाही. दुकानातून विकायचे म्हटले तर दुकानदार आपले भाडे, नोकर आणि नफा धरून ही रक्कम सहज दुपटीवर नेईल, आणि तोही काही चोर नव्हे.

या हिशेबाच्या उजेडात म्हापशाचा तो सौदा पुन्हा पाहावा. चारशे रुपयांतून तीनशे पासष्टचा माल वजा केला तर हाती पस्तीस रुपये राहतात. पाच तासांच्या कामाचे पस्तीस रुपये, तासाला सात. बसभाडे आणि बाजारात बसण्याचा खर्च त्यातूनच. प्रत्यक्षात त्या कारागिराने कातडे थोडे हलके वापरले असेल, शिवण फक्त टोकांपुरती घातली असेल, घरच्या बाईमाणसांचे हात फुकट राबले असतील. म्हणूनच तो टिकून आहे. परंतु याचा अर्थ एवढाच की, आपण पाडून मागितलेल्या भावाची वजाबाकी कातड्यातून, शिवणीतून किंवा त्याच्या कुटुंबाच्या ताटातून होत असते. ती हवेतून होत नाही. "चमडी जावो पण दमडी न जावो" ही म्हण आपण कंजूष माणसाला लावतो. येथे मात्र दमडी आपली वाचते आणि चमडी दुसऱ्याची जाते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, यंत्राचा पट्टा तीनशेत मिळत असताना हाताच्या पट्ट्याला तेराशे का द्यावेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे तर हिशेबानेच दिले पाहिजे. स्वस्त पट्ट्यावर "अस्सल लेदर" असा छाप बहुधा असतो, आणि तो खोटा असतोच असेही नाही. परंतु जाड कातडे आडवे चिरून त्याचे दोन-तीन थर करता येतात. वरचा, दाट तंतूंचा थर बळकट असतो. खालचा थर सैल व ठिसूळ. त्या खालच्या थरावर रंगाचा लेप देऊन वर कातड्यासारखे वळ उठवले तरी त्याला कातडे म्हणता येतेच. त्याहून खालची पायरी म्हणजे कातड्याचा भुगा गोंदाने सांधून तयार केलेले पत्रे. असे पट्टे वर्ष-दीड वर्षात भोकांपाशी फाटतात, पापुद्रे सुटू लागतात. तीनशे रुपयांचा पट्टा दीड वर्ष टिकला तर वर्षाला दोनशे रुपये पडले. तेराशेचा पट्टा तेरा वर्षे टिकला तर वर्षाला शंभर. चांगल्या पट्ट्याला तेरा वर्षे ही काही मोठी गोष्ट नाही. वडिलांचा पट्टा मुलाने वापरल्याची उदाहरणे आपल्या ओळखीपाळखीत सापडतील.

तथापि या युक्तिवादाचीही एक मर्यादा आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्याच्या खिशात आज तीनशेच रुपये आहेत त्याला तेरा वर्षांचे गणित ऐकवणे ही क्रूर थट्टा आहे. मजुरी करणारा, लहान पगारावर घर चालवणारा माणूस स्वस्त वस्तू घेतो ती अक्कल नाही म्हणून नव्हे, तर गाठीला पैसा नाही म्हणून. त्याला दोष देण्याचा आमचा विचार नाही. यंत्राने केलेल्या वस्तूंमुळे गरिबाच्या पायात चप्पल आणि कमरेला पट्टा आला, हे यंत्राचे ऋण आहेच. आमचे म्हणणे आहे ते ज्याच्या खिशात तेराशे आहेत, जो एका संध्याकाळच्या जेवणावर तेवढे खर्च करतो, आणि तरीही बाजारातल्या कारागिराकडून पाचशे कमी करून घेण्यात ज्याला पुरुषार्थ वाटतो, त्याच्याविषयी.

हा पुरुषार्थ आपण सर्वत्र गाजवीत नाही, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. सराफाकडे दागिना करावयास दिला तर सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी, हे आपण निमूटपणे मानतो. घडणावळीवर फार तर दोन शब्द बोलतो. घडणावळ देणेच नाकारीत नाही. शिंप्याकडे कापड आपले असले तरी शिलाई त्याची असते. वकील, डॉक्टर, हिशेबतपासनीस यांच्यापुढे तर आपण भाव विचारण्याचेही धाडस करीत नाही. मग चांभाराच्या हाताला घडणावळ का नाही? त्याच्या वस्तूत कातडे तेवढे दिसते, कारागिरी दिसत नाही, असे का व्हावे?

याचे उत्तर अर्थशास्त्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे आपल्या समाजरचनेत आहे, आणि ते उच्चारण्यास संकोच वाटत असला तरी उच्चारले पाहिजे. घाटावरच्या गावगाड्यात चर्मकार हा बारा बलुतेदारांतील एक. विहिरीवरची मोट त्याच्या कातड्याची, बैलाच्या गळ्यातला पट्टा त्याचा, आसूड त्याचा, गावाच्या पायातले पायताण त्याचे. शेतीचे चाक त्याच्या शिवणीवर फिरत होते. त्याचा मोबदला मात्र खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या वाट्यात. किती तास, किती टाके, याचा हिशेब नाही. भाव ठरवण्याचा अधिकार नाही. आणि वर शिवाशिवीचा कलंक. जे काम समाज विटाळाचे मानतो त्याचे मोल तो कधीच मोकळ्या मनाने देत नाही. आपली भाषाही याला साक्षी आहे. "पायातली वहाण पायातच बरी" असे आपण किती सहज म्हणतो! आणि त्याच भाषेत कृतज्ञतेची परमावधी सांगताना "आपल्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत" असेही म्हणतो. जोड्याची उपमा आपल्याला प्रिय. जोडे करणारा मात्र उंबऱ्याबाहेर.

पंप आले आणि मोट गेली. बलुते गेले, रोख बाजार आला. अस्पृश्यता घटनेने नष्ट केली. परंतु धान्याच्या वाट्यातून सुटलेला कारागीर बाजारात आला तेव्हा त्याच्यापाशी हात होता, भाव ठरवण्याची सवय नव्हती. आणि गिऱ्हाईकापाशी जुनी नजर तशीच होती. त्या नजरेचे रोख रूपांतर म्हणजे आजची घासाघीस. हे विधान कडू वाटेल. पण त्याच बाजारात काचेआड ठेवलेल्या, परदेशी नावाच्या पट्ट्याचा छापील भाव आपण मान खाली घालून देतो, हे आठवले की त्याची सत्यता पटावी.

या परदेशी नावाच्या महिम्याचा धडा कोल्हापुरी चपलेने आपल्याला अलीकडेच दिला. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या विख्यात कंपनीच्या पुरुषी पोशाखांच्या प्रदर्शनात थेट कोल्हापुरी घाटणीच्या चपला मंचावर आल्या; कोल्हापूरचे नाव मात्र कोठे नव्हते. ओरड झाली, तेव्हा या पादत्राणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळाशी करार करून या दोन राज्यांत दोन हजार जोड बनवून घेण्याचे कंपनीने जाहीर केले. एका जोडाचा भाव सुमारे आठशे युरो, आणि विक्री फेब्रुवारी २०२६ पासून, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्या वेळच्या दराने आठशे युरो म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये. आमच्या वरील हिशेबातील साठाहून अधिक पट्टे एका जोडात मावतील!

कातडे तेच, वेणी तीच, हातही त्याच मातीतले; तरीही कोल्हापूरच्या पेठेत जो जोड काही शे किंवा हजार-दीड हजारांत मिळतो, तो मिलानच्या दिव्यांखाली ऐंशी हजारांचा का व्हावा? कारण उघड आहे. तेथे विकले जाते ते नाव. नावाला किंमत येते ती त्यामागे असलेल्या दुकानांमुळे, जाहिरातींमुळे आणि मुख्यतः भाव खाली न आणण्याच्या करारी वृत्तीमुळे. आम्हाला या कंपनीची निंदा करावयाची नाही; तिने अखेर करार केला आणि काम येथे दिले, हे चांगलेच झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या ऐंशी हजारांतून अथणी, निपाणी किंवा कोल्हापूरच्या ज्या घरात ती वेणी विणली जाते त्या घरात किती पोचणार? करारांच्या बातम्यांत विक्रीचा भाव ठळक अक्षरांत असतो. मजुरीचा दर त्या अक्षरांत कधी वाचावयास मिळत नाही. आणि वेणी विणण्याचे, शिवण्याचे ते काम बव्हंशी स्त्रियांच्या बोटांतून होते, ज्यांचे नाव कोणत्याच पाटीवर नसते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो सामाईक हक्क आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषेवरून वाद झाला असला तरी चपलेने मात्र दोन्ही राज्यांना एका नोंदणीत बांधले, ही समाधानाची गोष्ट. परंतु निर्देशांक नावाचे रक्षण करतो, भावाचे नव्हे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. दाद मागण्याचा अधिकार नोंदणीधारकांचा आहे, हा त्यातील मुख्य मुद्दा. म्हणजे कायद्याने हत्यार दिले आहे, पण ते उचलण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनीच ते उचलले पाहिजे. लहान कारागिराला त्याची धड माहितीही नसते.

सरकारी योजना नाहीत असे नव्हे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय घेतले असून त्यांत चर्मकाराचाही समावेश आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांचे कर्ज अशी तरतूद आहे. हे सारे उपयुक्त आहे. पण हत्यारे आणि कर्ज यांमुळे माल अधिक निघेल; भाव पडलेलाच राहिला तर अधिक मालावर अधिक तोटा होईल, आणि शिवाय कर्जाचा हप्ता मानेवर बसेल. उत्पादनाची बाजू सरकार पाहते. विक्रीच्या भावाची बाजू अखेर आपण, म्हणजे समाजाने पाहावयाची आहे. खरे तर त्या योजनेच्या प्रशिक्षणात आरी-रापीच्या जोडीने हिशेबाची वहीही हाती दिली पाहिजे.

कारण कारागीर निर्दोष आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बहुतेकांचा भाव ठरतो तो शेजारच्या दुकानाकडे पाहून. आपले तास मोजण्याची, वाया गेलेले कातडे टिपून ठेवण्याची सवय नाही. घरच्या माणसांची मजुरी तर हिशेबात धरलीच जात नाही. त्याहून मोठा दोष म्हणजे नऊशे सांगून चारशेत देण्याची रीत. एकदा गिऱ्हाईकाने पाचशे रुपये सहज खाली आलेले पाहिले की, पुढच्या वेळी तेराशेचा खरा भावही त्याला लबाडीचा वाटू लागतो. घासाघीस करणारे गिऱ्हाईक आणि वाढवून सांगणारा विक्रेता एकमेकांना बिघडवीत आले आहेत. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात तर आणखी एक रोग शिरला आहे. कारखान्यातून आणलेला माल हाताचा म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारला जातो, आणि मग खऱ्या हाताच्या मालावरचाही विश्वास उडतो. खोट्या नाण्याने खरे नाणे बाजारातून हाकलावे, तसाच हा प्रकार.

आपल्या किनारपट्टीवर याला आणखी एक पदर आहे. आषाढ-श्रावणात कातड्यावर बुरशी चढते, रंग वाळत नाही, चिकटवलेले सुटते. कोल्हापुरी चप्पल तर पावसात कोणी घालीतही नाही. म्हणजे चार महिने या धंद्याला जवळजवळ सुट्टी. पोटाला मात्र सुट्टी नाही. आठ महिने कमवून बारा महिने खायचे, तर आठ महिन्यांच्या भावात बारा महिन्यांचे पोट धरावे लागते. शेतकऱ्याच्या बाबतीत हे आपल्याला समजते. कारागिराच्या बाबतीत समजत नाही.

मग करावयाचे काय? काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट कारागिरांनी आणि त्यांच्या संस्थांनी करावी. वस्तूवर एकच भाव लिहावा, आणि तो सराफाच्या पावतीप्रमाणे दोन ओळींत लिहावा: माल इतक्याचा, घडणावळ इतकी. घडणावळीच्या ओळीवर बोट ठेवून "ही कमी करा" असे म्हणताना पुष्कळांची जीभ अडखळेल, अशी आमची खात्री आहे. दुसरी गोष्ट सरकारी महामंडळांनी करावी. गोव्याच्या हस्तकला महामंडळाची "अपरांत" दालने आहेत. तेथे हाताच्या मालावर करणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याला मिळालेली मजुरी लिहावी. मोठ्या कंपन्यांशी करार करताना तर किमान मजुरीचा तासाचा दर करारात आकड्यांनी नमूद केल्याशिवाय सही करू नये. प्रेरणेची कबुली मिळाली, फार चांगले झाले. आता कबुलीला मजुरीची जोड मिळाली पाहिजे.

तिसरी गोष्ट आपण ग्राहकांनी करावयाची. वस्तू पारखून घ्यावी, हे आमचे पहिले सांगणे. कारण कष्टाचे मोल द्या म्हणजे डोळे मिटून पैसे द्या, असा त्याचा अर्थ नव्हे. पट्ट्याची कड पाहावी: सलग कातडे आहे की दोन पापुद्रे चिकटवून वर रंग फासला आहे, ते तेथे उघडे पडते. पाठीमागून पाहावे: खऱ्या कातड्याचे तंतू दिसतात. वाकवून पाहावे: वरचा लेप तडकत तर नाही ना? शिवण दोन्ही बाजूंनी सारखीच नीट आहे का, ते पाहावे. आणि एवढे पारखून वस्तू खरी ठरली की सरळ विचारावे, "याला वेळ किती लागला?" उत्तर ऐकल्यावर आपल्या स्वतःच्या तासाची किंमत मनात आणून मग भाव बोलावा. परवडत नसेल तर वस्तू परत ठेवावी. त्यात अपमान कोणाचाच नाही. अपमान आहे तो अर्ध्या दिवसाचे काम पस्तीस रुपयांत घेऊन वर हसत निघून जाण्यात. घेतलेल्या पट्ट्याची निगा राखणे हाही मोल देण्याचाच एक प्रकार होय. भिजल्यास सावलीत वाळवावा, उन्हात नव्हे. पावसाळ्यात मधून मधून कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर टांगावा. तेलाचा हलका हात वर्षातून एक-दोनदा फिरवावा.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना चपला शिवण्याचे काम स्वतः शिकून घेतले होते, आणि आपल्या हाताने केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्या अधिकाऱ्याने त्यांना तुरुंगात टाकले, त्यालाच ही भेट. १९१४ साली गांधीजींनी आफ्रिका सोडली. स्मट्स यांनी तो जोड अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आदराने परत पाठवला. बॅरिस्टर झालेल्या माणसाने कातड्याला हात लावण्यात त्या काळी केवढी बंडखोरी होती, ते आज सांगून समजणार नाही. ज्या कामाला समाजाने खाली ढकलले ते काम आपल्या हाती घेणे, हा त्याचा मान वाढवण्याचा त्यांनी शोधलेला मार्ग होता. आपल्याकडून आज एवढी मोठी अपेक्षा कोणी करीत नाही. आपण आरी हाती घ्यावयाची नाही, टाके घालावयाचे नाहीत. ज्याने ते घातले त्याचे देणे चुकते करावयाचे, एवढेच.

दसरा-दिवाळीचे दिवस येतील, बाजार फुलेल, पुन्हा कोणीतरी जाड तपकिरी पट्टा उचलून नाकाशी नेईल. त्या वेळी "अर्ध्या दिवसाचे पैसे कोण देतंय?" हा प्रश्न त्या कारागिराच्या ओठांवर असेलच, तो उच्चारील किंवा न उच्चारील. कमर कसून उभे राहण्याची भाषा आपण सभा-संमेलनांत नेहमी करतो. ज्या पट्ट्याने ती कमर कसावयाची त्याची घडणावळ आपण बुडवलेली नाही, एवढे तरी प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.